पालकांच्या साक्षीला जागा कोठे?

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्केवारीचा एक आकडा असतो. तो चाळीस किंवा त्याहून अधिक असेल तर कायद्याने देऊ केलेल्या बहुतेक सवलतींचे दार मुलाला उघडते. एकोणचाळीसवर थांबला तर ते पुष्कळसे बंदच राहते. हा आकडा ज्या वैद्यकीय मंडळाकडून ठरतो त्याच्यासमोर मूल फार तर काही मिनिटे बसलेले असते. त्याच्या शेजारी जी व्यक्ती असते, म्हणजे बहुधा त्याची आई, तिने मात्र त्या मुलाला जन्मल्यापासून रात्रंदिवस पाहिलेले असते. ते केव्हा झोपते, कोणत्या आवाजाने बिथरते, कोणता शब्द तीन महिने बोलून मग विसरले, गर्दीत गेल्यावर त्याचे काय होते, हे सारे तिला ठाऊक असते. तिला चार प्रश्न विचारलेही जातात. पण तिने दिलेली उत्तरे कोठे टिकून राहत नाहीत. पुढच्या खिडकीशी, पुढच्या शाळेत, पुढच्या उपचारकेंद्रात तीच हकीकत तिला पहिल्यापासून सांगावी लागते. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या सेवा अपुऱ्या का पडतात, याचे कारण निधीच्या टंचाईत शोधण्याची आपल्याकडे सवय आहे. निधी अपुरा आहेच. परंतु ज्या साधनासाठी शासनाला एक दमडीही खर्चावी लागत नाही, ते पालकांचे ज्ञानही वाया जात आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर चित्र बरेच आश्वासक दिसते. १९९५ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, बहुविध दिव्यांगत्व यांना त्यात स्पष्ट जागा मिळाली. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क याच अधिनियमाने दिला. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन करण्याची घोषणा केली. २०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात होते. आता याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवावा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१८ च्या पाहणीत ज्यांच्याजवळ दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र होते अशांचे प्रमाण सुमारे २९ टक्केच आढळले. म्हणजे कायद्याच्या दारापर्यंत पोचण्याचा पहिला कागदच दहांपैकी सातजणांकडे नव्हता. दरम्यान 'अपंग' हा शब्द जाऊन 'दिव्यांग' हा शब्द सरकारदरबारी रुळला. शब्दाने मान वाढला असेल तर आनंदच आहे. रांग मात्र तेवढीच लांब राहिली.

पालकांच्या सांगण्याला शास्त्रात काय किंमत असते, असा प्रश्न एखादा तज्ज्ञ करील. त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते विलक्षण आहे. स्वमग्नतेच्या अभ्यासाचा आरंभच मुळी एका बापाच्या पत्रातून झाला. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावच्या एका वकिलाने १९३८ साली आपल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी तेहतीस टंकलिखित पानांचे निवेदन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना पाठविले. मुलाचे बोलणे, त्याचे हट्ट, त्याची स्मरणशक्ती, माणसांविषयीची त्याची अलिप्तता यांचे बारकाईने केलेले वर्णन त्यात होते. कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांविषयीचा जो निबंध प्रसिद्ध केला आणि ज्यामुळे ही अवस्था वैद्यकशास्त्राला स्वतंत्रपणे ओळखता आली, त्यातील पहिला वृत्तांत याच मुलाचा आहे.

पुढे जे घडले ते त्याहून बोधप्रद आहे. ज्या शास्त्राने पालकांच्या नोंदींवर पहिले पाऊल टाकले, त्याच शास्त्राने काही वर्षांतच पालकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. १९४९ पर्यंत खुद्द कॅनर यांचे लेखन पालकांच्या भावनिक थंडपणाकडे बोट दाखवू लागले होते. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या ग्रंथात हा दोषारोप लोकप्रिय केला. आई मुलावर प्रेम करीत नाही म्हणून मूल स्वतःत मिटते, असे हे प्रतिपादन होते. त्याला आधार नव्हता, पण प्रतिष्ठा होती. असंख्य मातांनी ते खरे मानून वर्षानुवर्षे स्वतःला अपराधी समजावे, एवढे बळ त्या प्रतिष्ठेत होते. या मताला तडा गेला तो पालकांकडूनच. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. या अवस्थेचे मूळ शारीरिक आहे, संगोपनात नाही, हे त्यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात पुराव्यानिशी मांडले. लंडनमध्ये १९६२ साली पालकांनी एकत्र येऊन संस्था काढली. तिच्या संस्थापकांत लॉर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ, आणि स्वमग्न मुलीच्या आईही, होत्या. पुढे स्वमग्नतेची व्याप्ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली असते ही आज सर्वमान्य झालेली कल्पना मुख्यतः त्यांच्याच संशोधनातून रूढ झाली. १९६९ मध्ये कॅनर यांनी पालकांच्या मेळाव्यात पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. मधली वीस वर्षे मात्र कोणी परत देऊ शकले नाही.

मुंबईतही आरंभ घरातूनच झाला. होरमसजी आणि जेरबाई वकील या दांपत्याची मुलगी डाउन सिंड्रोम घेऊन जन्मली होती. तिला घेणारी शाळा नव्हती, तेव्हा १९४४ साली त्यांनी स्वतःच शाळा काढली. तीच आजची जय वकील संस्था. १९७२ मध्ये मिठू आलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटीची स्थापना केली, त्यामागेही त्यांच्या मुलीचा अनुभव होता. १९९१ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या 'ॲक्शन फॉर ऑटिझम'च्या संस्थापकही एका स्वमग्न मुलाच्या आईच आहेत. शासन आणि विद्यापीठे या विषयाकडे वळण्यापूर्वी पालकांनी सेवा उभ्या केल्या, ही वस्तुस्थिती आहे. नंतर जेव्हा सेवांची यंत्रणा झाली, तिला पदे, प्रपत्रे आणि निकष मिळाले, तेव्हा त्याच पालकांचे नाव 'लाभार्थीचे नातेवाईक' असे पडले.

या प्रश्नाला अर्थशास्त्राची एक बाजू आहे. बाजारात गिऱ्हाइकाला मालाची पारख असेल आणि दुसऱ्या दुकानात जाण्याची मोकळीक असेल, तर विक्रेत्यावर आपोआप अंकुश राहतो. वैद्यकीय सेवेत या दोन्ही गोष्टी दुबळ्या असतात, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते. सहा महिन्यांच्या वाचा-उपचारांनंतर मूल दहा शब्द बोलू लागले, तर त्यांतले किती उपचारामुळे आणि किती वाढत्या वयामुळे, हे पालकाला कळणे कठीण. तालुक्याच्या गावी एकच उपचारकेंद्र असेल, तर ते सोडून जाणार कोठे? अशा ठिकाणी सेवेचा दर्जा राखण्याचे एकच साधन उरते, ते म्हणजे सेवा घेणाऱ्याचा आवाज. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात याविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. सार्वजनिक सेवेचा दर्जा घसरू लागला की ज्यांना दर्जाची सर्वांत अधिक जाण आहे आणि ज्यांच्या खिशात पैसा आहे, तेच आधी बाहेर पडतात. मागे राहतात ते ज्यांचे कोणी ऐकत नाही असे. नायजेरियातील रेल्वे आणि सार्वजनिक शाळा ही त्यांची उदाहरणे होती. महाराष्ट्रातील विशेष शिक्षणाला ते तंतोतंत लागू पडते. शहरातील डॉक्टर किंवा अभियंता पालक आपल्या मुलासाठी खाजगी उपचारतज्ज्ञ गाठतो. शासकीय केंद्रात राहतो तो शिपाई, शेतमजूर, फार तर कारकून. पहिल्याची तक्रार शासनापर्यंत पोचत नाही, कारण तो तेथे नाही. दुसऱ्याची पोचत नाही, कारण उद्या त्याच खिडकीशी पुन्हा उभे राहावयाचे आहे.

या मागे राहिलेल्या कुटुंबाचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. समजा, एका उपचारसत्राचे पाचशे रुपये पडतात आणि आठवड्याला तीन सत्रे आवश्यक आहेत; वर्षाचा खर्च अठ्ठ्याहत्तर हजारांवर जातो, आणि हा झाला एका प्रकारच्या उपचाराचा. मुलाला वाचा-उपचार, भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार हे तिन्ही लागत असतील तर मध्यम पगाराच्या नोकरदाराने काय करावे? प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग अवलंबितासाठी ७५ हजारांची आणि तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट ठेवलेली आहे. २०२३-२४ पासून जी नवी पद्धत मूळ म्हणून लागू झाली तीत ती नाही. नव्या पद्धतीत दर कमी आहेत आणि अल्प उत्पन्नावर कर लागतही नाही, हे खरे. परंतु समान पगाराच्या दोन कर्मचाऱ्यांपैकी एकाच्या घरी असे मूल आहे, हा फरक तीत पुसला गेला, याची चर्चा व्हावयास हवी होती.

याहून मोठा खर्च आहे तो आईच्या वेळेचा. २०२४ च्या कालवापर पाहणीत घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात आणि पुरुष ८८ मिनिटे, असे दिसून आले. ही सर्वसाधारण घरांची सरासरी झाली. ज्या घरी चौदा वर्षांच्या मुलाला भरवावे, न्हाऊ घालावे लागते, तेथील मिनिटे कोणी मोजलेली नाहीत. अशा घरातील आईची नोकरी बहुधा सुटते आणि तिने सोडलेले वेतन हे त्या मुलाच्या संगोपनासाठी कुटुंबाने दिलेले सर्वांत मोठे, पण कोठेच न नोंदलेले अनुदान असते. हिमाचल प्रदेशातील शासकीय महाविद्यालयाच्या एका सहायक प्राध्यापिकेला हाडांच्या दुर्धर आनुवंशिक विकाराने ग्रासलेल्या मुलासाठी बालसंगोपन रजा नाकारण्यात आली, तेव्हा तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने अशी रजा ही कृपा नसून नोकरदार मातांच्या बाबतीत घटनात्मक कर्तव्य असल्याचे सांगितले आणि राज्याला धोरणाचा फेरविचार करण्यास फर्मावले. प्राध्यापिकेला न्यायालय गाठता आले. अंगणवाडी सेविकेला ते गाठता येईल काय?

आता प्रमाणपत्राच्या रांगेकडे पुन्हा वळावे. वैद्यकीय मंडळे बहुधा ठराविक वारीच बसतात. धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला मुलाला आणणे म्हणजे दोन माणसांची एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे. एखादा तज्ज्ञ त्या दिवशी हजर नसेल तर तेच पुन्हा. २०१७ च्या नियमांनी प्रमाणपत्रासाठी एक महिन्याची मुदत घातली होती. २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने करण्यात आली. रुग्णालयांवर भार आहे, म्हणून मुदत वाढवावी, असा त्यामागे प्रशासकीय विचार असेल. पण या नियमावर एखाद्या दुर्गम तालुक्यातील दहा पालकांचे म्हणणे घेतले असते, तर मुदतीऐवजी मंडळाने तालुक्याला यावे, हा उपाय आधी सुचला असता. मुलांमधील विकासाच्या विलंबाचा शोध लवकर घेणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच झाला होता, म्हणजे पथकाने मुलापर्यंत जावे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही.

सेवा देणाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि तिच्याकडे काणाडोळा करणे अन्यायाचे होईल. पालक ज्याच्यावर चिडतो तो विशेष शिक्षक राज्यात अनेक वर्षे कंत्राटावर राहिला. एका केंद्राखालील शाळांतून फिरत राहावयाचे, कोणत्याच शाळेचे पूर्णवेळ व्हावयाचे नाही, आणि पुढच्या वर्षी नेमणूक राहील की नाही याची धास्ती बाळगावयाची, अशा स्थितीत मुलाची ओळख होणार कशी? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा विशेष मुलांमागे आणि पुढील स्तरांवर पंधरा मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण सांगितले. मार्च २०२५ मध्ये पदे निश्चित करण्याचा आदेश राज्यांना पुन्हा द्यावा लागला, यावरूनच मधल्या काळात काय झाले असेल ते उमगते. जो शिक्षक आठवड्यातून एकदा येतो, त्याने मुलाविषयी आईला उपदेश करावा यापेक्षा आधी आईकडून समजून घ्यावे, हे व्यवहारतःही शहाणपणाचे आहे. दर भेटीची नोंद एका वहीत व्हावी, ती वही घरी राहावी, तीत आईनेही लिहावे आणि शिक्षक बदलला तरी वही बदलू नये, एवढ्या साध्या गोष्टीने वर्षाचे दोन महिने वाचतील. तिला लिहिता येत नसेल तर शिक्षकाने तिच्या शब्दांत लिहून घ्यावे. यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पालकांचा प्रत्येक शब्द प्रमाण मानावा, असा मात्र याचा अर्थ नव्हे. पालक आशेने आंधळे होतात आणि एका पालकाची आशा दुसऱ्याला लागते. स्वमग्नतेवर मूळपेशींचे उपचार लाखो रुपये घेऊन केले जातात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही विकारांसारख्या मान्यताप्राप्त बाबी सोडल्यास असे उपचार प्रयोगापुरतेच असावेत, तरीही कुटुंबांनी दागिने मोडून ते केले आहेत. अमक्याच्या मुलाला गुण आला, ही ऐकीव वार्ता त्याला पुरते. परंतु ही वार्ता एवढी प्रबळ का होते, याचाही विचार केला पाहिजे. सरकारी दवाखान्यात पाच मिनिटांत निदान सांगून 'हे असेच राहणार' म्हणून बोळवण झालेला बाप जेथे अर्धा तास बसवून ऐकून घेतात तेथे जातो. ऐकून घेण्याची किंमत भोंदू वैद्याला कळली आहे, शासनाला अद्याप कळावयाची आहे. पालकांचे अनुभव तज्ज्ञांच्या उपस्थितीत बोलले गेले, तर त्यातील खरे-खोटे तेथेच निवडले जाईल. पालक एकमेकांशी केवळ रुग्णालयाच्या व्हरांड्यात बोलणार असतील, तर सारेच मिसळून जाईल.

तसे पाहता या व्हरांड्यातील बोलण्यानेच आजवर पुष्कळांना तारले आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेले मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व मिळवावे लागते, हे बहुतेकांना बँकेने खात्याविषयी प्रश्न उपस्थित केल्यावर कळते. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. तो नूतनीकरण न केल्याने खंडित होतो, ही सूचना कार्यालयाकडून येत नाही, दुसऱ्या पालकाकडून येते. शासकीय कर्मचाऱ्याच्या कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद जुन्या सेवानिवृत्ती नियमांत आहे, पण त्यासाठी सेवेत असतानाच नोंदी आणि प्रमाणपत्रे नीट लावून ठेवलेली बरी, हे आस्थापना शाखेतील किती लिपिकांनी आपल्या सहकाऱ्याला आपणहून सांगितले असेल? 'आमच्यानंतर काय?' हा प्रश्न अशा घरात रोज रात्री असतो. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने 'घरकुल' उभे केले ते याच प्रश्नातून, तेही पालकांनीच.

पालकांचे म्हणणे कामकाजात यावे यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही, जुन्याचीच पाने उलटावी लागतील. शिक्षणहक्क अधिनियमाने शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि त्यात वंचित गटातील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर स्थान असावे, असे म्हटले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले या वंचित गटात आली. म्हणजे ज्या शाळेत अशी मुले आहेत तेथील समितीत त्यांच्या पालकाने बसणे हा हक्क आहे. किती मुख्याध्यापकांनी तो पाळला, हे समितीच्या इतिवृत्तावरून सहज पडताळता येईल. २०१६ च्या अधिनियमाच्या अठ्ठेचाळिसाव्या कलमाने दिव्यांगांशी संबंधित योजनांचे सामाजिक अंकेक्षण शासनावर बंधनकारक केले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा शल्यचिकित्सक, शिक्षणाधिकारी, समाजकल्याण अधिकारी आणि उपचारतज्ज्ञ यांनी पालकांसमोर बसावे, मागील वर्षी किती अर्ज आले, किती दिवसांत निकाली निघाले, किती मुले शाळेतून गळाली, हे वाचून दाखवावे, आणि पालक बोलतील ते इतिवृत्तात जसेच्या तसे उतरावे, एवढे झाले तरी त्या कलमात प्राण येईल. सभा कामाच्या दिवशी न ठेवता रविवारी ठेवावी, आणि मुलांना घेऊन येता येईल अशा तळमजल्यावरच्या जागेत ठेवावी. नाही तर ज्यांच्यासाठी ती आहे तेच येऊ शकणार नाहीत.

याआधी आणखी एक प्रसंग येणार आहे. १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून होणाऱ्या जनगणनेत प्रगणक म्हणून घरोघर जाणाऱ्यांत नेहमीप्रमाणे शिक्षक आणि कार्यालयीन कर्मचारीच मोठ्या संख्येने असणार. २०११ मध्ये दिव्यांगत्वाच्या प्रश्नाला अनेक घरांतून 'नाही' असे उत्तर आले, ते कधी लाजेने, कधी मुलीच्या लग्नाच्या काळजीने, तर कधी आपल्या मुलाच्या अवस्थेला नाव आहे हेच ठाऊक नसल्यामुळे. प्रगणकाने कुटुंबप्रमुखाचे उत्तर लिहून पुढच्या घराकडे वळण्याआधी आतल्या खोलीत असलेल्या आईलाही हा प्रश्न विचारावा, आणि तिच्या उत्तरासाठी दोन मिनिटे थांबावे.